स्लॅश सी

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी तिचे जुने फोटो स्कॅन करायला घेतले. हाटकेश भागातल्या आमच्या फ्लॅटखालच्या गाळ्यांत दिवसभर मशीनं चालतात. आवाज भरपूर असतो, बोलणारं कुणी नसतं.

फोटो लहान करणारा एक प्रोग्राम परदेशातल्या मुलानं पाठवला होता. तो एका काळ्या खिडकीत चालवायचा. विंडोजमध्येच राहून युनिक्स नावाच्या वेगळ्या प्रणालीसारखी वागणारी ही खिडकी त्यानंच मागे बसवून दिली होती. मी फोल्डरचा पत्ता नेहमीसारखा टाइप केला. उत्तर आलं, असं काही इथे नाही. मी दिलेल्या उलट्या रेघाही, म्हणजे बॅकस्लॅश, त्यातून गायब होत्या.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. एरवी जेवण आणि औषधं विचारून दोन मिनिटांत संपतो. त्या दिवशी मी पत्त्याचं विचारलं.

"बाबा, उलटी रेघ ती खिडकी गिळून टाकते. सरळ स्लॅश द्यायचा. आणि तिथे सी कोलन नसतं, स्लॅश सी म्हणायचं."

"म्हणजे सगळ्याची सुरुवात सी ड्राइव्ह नाही?"

"नाही. सुरुवात नुसत्या स्लॅशपासून. गंमत म्हणजे तो स्लॅश खरा सी ड्राइव्हवरचाच एक फोल्डर आहे. आत गेल्यावर तेच अख्खं जग वाटतं. फोल्डरचं नाव काय ठेवलंत?"

"आईचे फोटो. इंग्रजी अक्षरांत."

"मधे जागा सोडलीय ना? मग पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत घाला. नाहीतर त्याला ते दोन वेगळे पत्ते वाटतात."

चाळीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर पहिल्याच खेपेला प्रोग्राम चालला. ते मी त्याला कळवलं नाही.

पुढच्या रविवारी म्हणालो, "अरे, ते स्लॅशचं परत सांग ना." त्यानं शांतपणे पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या रविवारी मात्र त्यानं विचारलं, "बाबा, चालतंय ना ते?"

खोटं बोलवेना. "चालतंय," म्हटलं. "पहिल्याच दिवशी चाललं."

मला वाटलं, आता चिडणार.

"मग फोटो पाठवा की," तो म्हणाला. "एकेक करून. कुठला कुठे काढलाय ते तुम्ही सांगा."

पहिला उत्तनच्या किनाऱ्यावरचा निघाला. तिच्या कडेवर तो होता. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी सांगत गेलो.