पदराबाहेरचा क्रूस

सखूबाई माझी शेजारीण. विचुंब्यात आमच्या दोघींच्या घराची भिंत एकच, म्हणून मला ठाऊक हाय. बाकीचे उचलली जीभ लावली टाळ्याला.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून ती देवांची नावं घेऊन धवले गाते, तिच्याशिवाय पान हलत नाय. सखूबाई आमच्या गावची धवलारीण. काय गळा होता बाईचा! ती बसली की डीजेवाले पोरगे पण आवाज बंद करायचे.

मग तिची एकुलती पोर कोमल, पाच वर्षांची, तापानं बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी हात टेकले. वॉर्डातली एक ख्रिस्ती नर्स तेवढी रोज उशाशी उभी राहून प्रार्थना करायची. सखूबाईनं तिच्याकडनं क्रूस मागून घेतला आणि आमी एकवीरा आईला बोलतो तसा येशूला नवस बोलली. पोर जगू दे, हा क्रूस जन्मभर पदराबाहेर ठेवीन. लपवला तर दिलेलं परत ने.

पोर उठून बसली. तेव्हापासून सखूबाई येशूची झाली. धवले सुटले, देवळं सुटली. पास्टर समजावून थकले, की बाई, येशू नवसाची वसुली करत नाय. तिला पटायचं. पण क्रूस आत टाकायचा म्हटलं की पोरीचा ताप आठवायचा. बाजारात, बारशाला, मयताला, क्रूस पदरावर. तिचा नवरा विठू आपल्या जुन्या देवांचाच राहिला, पण त्यानं तिला कधी अडवलं नाय. गावानं मात्र तिला बोलावणंच सोडलं.

यंदा कोमलचं लग्न उरणला ठरलं. तिकडनं निरोप आला, आईनं खुशाल यावं, पण गळ्यातलं आत टाकून. कोमलनं आईचे पाय धरले, फक्त हळदीपुरतं म्हणाली. सखूबाईनं तिला उठवलं, पण क्रूस वरच ठेवला. मग पोर भडकली. तुला तुझा देव माझ्यापेक्षा मोठा, असं म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी सखूबाईला झाप झाप झापलं. तिच्याच जिवासाठी जीव टांगणीला लावून बसलीस, मग सांग की तिला त्या नवसाचं!

"हळद लागायच्या पोरीला मरणाचं सांगू?" ती म्हणाली.

हळदीच्या संध्याकाळी ती नवी साडी नेसली, क्रूस वर. मांडवाच्या कमानीतच भावकीनं अडवलं. मेला विठू खाली मान घालून उभा. स्वतःच्या पोरीच्या हळदीला ती रस्त्यावर उभी राहिली आणि मी तिच्यासोबत. आत दुसरीच कुणी धवले गात होती. सखूबाईचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती की रडत होती, मला काय कळेना.

उरणची माणसं उष्टी हळद घेऊन आली. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं कोमलला विचारलं, ती दारात क्रूसवाली बाई कोण गं?

कोमलनं आमच्याकडं बघितलं. सगळं अंग पिवळं, डोळे कोरडे.

"आमच्या गावची धवलारीण होती," ती म्हणाली.

माझ्या अंगाची आग झाली. मी ओरडणार होते, सगळ्या मांडवाला सांगणार होते. सखूबाईनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"राहू दे मालू," ती म्हणाली. "पोर जिती हाय ना? मी तेवढंच मागितलेलं."