पट्टा शाबूत होता

देव कोपला, या वाक्याचा फायदा नेमका कुणाला होतो — कधी विचारलंत स्वतःला?

मी विचारलं आहे. जाहीर विचारलं आहे, कारखान्याच्या फाटकाबाहेर, गुलाबी कागदावर छापून. उत्तरंही मीच दिली. पंडिताला होतो, साहेबाला होतो, सरकारला होतो. एक उत्तर मात्र कधी छापलं नाही. मला झाला — पत्रकं लिहिणाऱ्याला. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आताही लिहितोय आणि हात पुन्हापुन्हा दुसऱ्याच विषयाकडे वळतो.

आधी नाना कोण ते सांगतो. मी जबलपूरला लष्करी कारखान्यात फिटर म्हणून लागलो तेव्हा या गावात माझं कुणी नव्हतं. रांझीत, कारखान्याच्या क्वार्टरांच्या ओळीत, एक खोली मिळाली. शेजारी नाना — आमच्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. पहिल्याच आठवड्यात काकूंनी दार वाजवून विचारलं, "एकटाच स्टोव्ह पेटवून काय करून राहिला? इकडे ये." त्या दिवसापासून माझं ताट त्यांच्याकडे.

नानांकडे एक जुनी विलायती मोटार होती. इंग्रज साहेब मायदेशी जाताना विकून गेलेली. अख्खी ओळ तिला मेमसाहेब म्हणायची, कारण ती रोज रुसायची. रविवारी नाना आणि मी तिच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे असायचो. मी बोलत असायचो — शोषण, रूढी, धर्म — आणि नाना म्हणायचे, "बोल बे, बोल. पण आधी पाना इकडे दे." त्यांची मुलगी कुसुम माझी पत्रकं वाचायची आणि हसायची. "दादा, एखादं तरी वाक्य न ओरडता लिहा ना!"

ते घर माझं होतं. हे लक्षात ठेवा.

मग ती लढाई आली, पाकिस्तानशी झालेली आधीची, पासष्टच्या सप्टेंबरातली. कारखाना दिवसरात्र चालू, खिडक्यांना काळे कागद. त्यातच विश्वकर्मा पूजा आली. एरवी त्या दिवशी मशिनी बंद असतात. त्या वर्षी बंद ठेवता आल्या नाहीत. चालत्या लेथला हार घालायला पंडितजी घाबरत होते आणि आमचा फोरमन त्यांना मागून ढकलत होता. मी दिवसभर खूश. डोक्यात पुढच्या पत्रकाची वाक्यं जुळत होती.

नानांच्या घरी मात्र सगळं रीतसर. हत्यारांची पेटी धुतलेली, वर हळदकुंकू, लाल नाडा बांधलेला. आपल्याकडे खंडेनवमीला करतात तसंच. पूजेच्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. दुसऱ्या सकाळी नमस्कार करून नाडा सोडायचा, मग कामाला लागायचं.

कुसुम पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. त्याच दिवशी दिवेलागणीला, वेळेच्या बऱ्याच आधी, तिला कळा सुरू झाल्या. इस्पितळ लांब, शहरात. ब्लॅकआउट, टांगा मिळेना. नानांनी मेमसाहेब काढली. कुसुम मागच्या सीटवर आडवी, काकू तिच्याजवळ. गाडी ओळीच्या टोकाला पोचली आणि फाडकन आवाज आला. इंजिनाचा पट्टा तुटला. पंखा, पाणी, डायनामो — सगळं त्या एका पट्ट्यावर. तो झिजलाय हे आम्हाला माहीत होतं. नवा आणून खिळ्याला टांगला होता, रविवारी घालणार होतो.

नानांनी पेटी आणली. नाड्यावर हात ठेवला आणि थांबले. किती वेळ? एक श्वास. त्याहून जास्त नाही. मी शपथेवर सांगतो, त्याहून जास्त नाही.

शेजारचे तिवारीजी म्हणाले, "नानाजी, आज के दिन औजार..."

मी नाडा तोडला. "कोपायचं असेल तर माझ्यावर कोपू दे म्हणावं तुमच्या विश्वकर्म्याला!" असं म्हणालो. पोरगी कण्हत होती, आणि मी असं म्हणालो. माणसं जमली होती. कुणीतरी लाल कागद लावलेला टॉर्च धरला होता. इतकी माणसं माझं ऐकायला याआधी कधी जमली होती?

पट्टा घालणं अवघड काम नाही. डायनामो तीन बोल्टांवर बसलेला असतो, दोन खाली, एक वर. तिन्ही सैल करायचे, डायनामो इंजिनाकडे ढकलायचा, पट्टा चढवायचा, डायनामो बाहेर ओढून पट्टा ताणायचा आणि तिन्ही कसायचे. वरचा बोल्ट हा ताण धरून ठेवतो. खालचे दोन मी कसले. वरचा बोटांनी फिरवून ठेवला, पाना लावेपर्यंत. तेवढ्यात तिवारीजी पुन्हा काहीतरी पुटपुटले आणि मी पाना हातात घेऊन वळलो. त्यांना काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. चांगलं उत्तर होतं. लोक हसले. पाना त्या बोल्टाला लावल्याचं मात्र आठवत नाही.

"झालं?" नानांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी तपासलं नाही. माझं काम ते कशाला तपासतील?

गाडी गेली. मी ओट्यावर बसून राहिलो — खरं सांगू? — समाधानात.

शहर यायच्या आधीच, निर्जन रस्त्यावर, इंजिन उकळून जाम झालं. अंधारात बाकीच्या गाड्या थांबेनात. शेवटी एका बैलगाडीतून तिला नेलं. कुसुम वाचली. मुलगा गेला.

दुसऱ्या दिवशी ग्वारीघाटावर बाळाला नर्मदेत सोडून नाना तसेच मला घेऊन गाडीपाशी गेले. ते जवळच्या पुलियावर, ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसले, गाडीकडे पाठ करून. मी बॉनेट उघडलं. पट्टा शाबूत होता. नुसता लोंबत होता. वरचा बोल्ट मी दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरला.

आता ऐका. मी मागे पाहिलं. नाना नदीच्या दिशेला बघत होते. मी डायनामो ओढला, पट्टा ताणला, पाना काढला आणि तो बोल्ट कसला. अगदी घट्ट कसला. आदल्या संध्याकाळी कसायला हवा होता तसा.

"काय झालं होतं?" त्यांनी न वळता विचारलं.

"पट्टा तर ठीक आहे, नाना. काही कळून नाही राहिलं."

"कळायचं काय त्यात," ते म्हणाले. "मीच उचलू दिली हत्यारं."

तेव्हा बोलायचं होतं. ती जागा होती, ती वेळ होती, आम्ही दोघंच होतो. मी — देव नाही म्हणून चौकात घसा फोडणारा मी — गप्प राहिलो आणि देवाला माझ्या बोल्टाचा आळ घेऊ दिला.

इथेच थांबलं असतं तर मी फक्त भित्रा ठरलो असतो. पण मी पत्रक काढलं. नाव घातलं नाही, पण ओळीतल्या कुणाला कळलं नाही? 'पूजेच्या नाड्यापायी एका बापाचा हात अडला, आणि त्या उशिराने बाळाचा जीव घेतला.' कुठला उशीर? तो एक श्वास? भाविक म्हणाले, नानांनी हत्यारं उचलू दिली म्हणून झालं. आम्ही पत्रकवाले म्हणालो, उशिरा उचलली म्हणून झालं. दोन्हीकडून नानाच. मला त्या पत्रकाबद्दल शाबासकी मिळाली. मी ती घेतली.

सासरच्यांनी कुसुमला पुन्हा माहेरी पाठवलं नाही. काकू नानांशी बोलेनाशा झाल्या. पानं वाढतात, बोलत नाहीत. पत्रकानंतर त्यांनी मला दार उघडणं बंद केलं. मी स्टोव्ह पेटवतो. भिंत सामाईक आहे. त्यांच्या घरात पूर्वी केवढा आवाज असायचा, आणि आता एकाच घरात दोन माणसं वेगवेगळी खोकताना ऐकू येतात.

विश्वकर्म्याच्या दिवशी नाना सबंध दिवस उपाशी राहतात. पेटीपुढे नाक घासतात. मी ते खिडकीतून पाहिलं आहे, एकदा नाही, दर वर्षी. आणि दर वर्षी त्याच आठवड्यात अंधश्रद्धेवर लिहिलं आहे.

यंदा पुन्हा लढाई लागली. खिडक्यांना पुन्हा काळे कागद लावताना मला ते सहन होईना. मी नानांना कारखान्याच्या वाटेवर गाठलं आणि सगळं सांगितलं. बोल्ट, पुलिया, पत्रक, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वसंता," ते म्हणाले, "माझं मन राखायला काहून खोटं बोलून राहिला बापा? तुझं काम मला ठाऊक नाही का?"

आणि चालू लागले.

मला माफी नको. ती मागायला मी हे लिहिलं नाही. पण माझं खरं तिथे आता चालत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आमच्या क्वार्टरांत तुमचं कुणी असेल, भाऊबीजेला, हळदीकुंकवाला, कशालाही तुम्ही रांझीकडे येत असाल, तर ओळीच्या मधल्या त्या घरी जा. आधी काकूंना सांगा, मग नानांना. माझं नाव घेऊन सांगा की वरचा बोल्ट वसंताने कसला नव्हता. नाना मानणार नाहीत. म्हणतील, पोरगा चांगला आहे.

पुन्हा जा.