झाकण तीनदा वाजलं पाहिजे

पेट्रोल भरलं की दुसऱ्या दिवशी इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. महिन्याभरातली ही तिसरी खेप. व्हॅनकाकांनी डॅशबोर्डवर दोन टपल्या मारून पाहिल्या, पण दिवा ढिम्म. "या, बसा, तुमचीच वाट बघत होतो," असं दिव्यालाच सुनावून त्यांनी शाळेची रिकामी व्हॅन मेहुण्याच्या गॅरेजकडे वळवली.

सव्वीस वर्षं मुलांची ने-आण करून माणूस थकतो हो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? हल्ली सकाळची फेरी आटोपली की काकांच्या अंगात त्राण उरत नसे. त्यात या दिव्याने जीव खायला घेतलेला. मागे अकरा मुलं बसतात, त्यातली धाकटी तर अजून दुधाच्या दातांची. भर रस्त्यात काही झालं तर कुणाला तोंड दाखवायचं?

मेहुणा एका गाडीखाली शिरला होता. पाय तेवढे बाहेर.

"पुन्हा का दाजी?" पायांकडून आवाज आला.

"पंपवाल्यांचा चावटपणा, दुसरं काय! पेट्रोलमध्ये पाणी घालतात मेले. तीन पंप बदलले मी."

"तिन्हीकडे तुमच्यासाठीच पाणी काढून ठेवतात वाटतं!"

मेहुणा हात पुसत बाहेर आला, त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि वाचून मान हलवली. "इंजिन ठणठणीत आहे. टाकीतली वाफ बाहेर जातेय, म्हणून दिवा." मग तो मागे गेला आणि त्याने टाकीचं झाकण दोन बोटांनी फिरवलं. टक्, टक्, टक्. "हे बघा, सैल होतं. मागच्या दोन्ही वेळी हेच. म्हटलं पंपावर कुणीतरी वेंधळा असेल. झाकण लावतं कोण?"

फार वर्षांपूर्वी एका पंपवाल्याने झाकण टपावर विसरून ते हरवलं होतं. तेव्हापासून माझी गाडी, माझं झाकण, हा काकांचा बाणा. पंपावर कुणी नुसता हात पुढे केला तरी खेकसायचे.

"मीच लावतो. चांगलं घट्ट लावतो."

मेहुण्याने झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. "लावून दाखवा."

काकांनी खांद्यापासून जोर काढला. "हे घे. झालं."

"वाजलं नाही दाजी."

"वाजलं की!"

मेहुण्याने हात लावला. झाकण फिरलं आणि परत तीनदा वाजलं. मेहुण्याने काकांच्या बोटांकडे पाहिलं.

"डोळे मिटा. उजवा हात पुढे करा."

काकांनी वैतागून डोळे मिटले. थोडा वेळ गेला. "अरे, ठेव ना काय ठेवायचंय ते."

"ठेवलंय."

त्यांनी डोळे उघडले. बोटांच्या टोकांवर लोखंडी नट होता, आणि बोटांना त्याचा पत्ताच नव्हता.

"ताई म्हणत होती, दोन कप फुटले म्हणून," मेहुणा हळूच म्हणाला.

"साबण बुळबुळीत आहे तिचा."

"असेल. डॉक्टरकडे चला, एवढंच म्हणतो. ताईला मी काही सांगत नाही." त्याने स्कॅनरवर बटण दाबलं आणि दिवा विझला.

झालं, सुटलो, असं वाटायला हवं होतं. शाळा सुटायला अर्धा तास होता. काका चालकाच्या सीटवर बसले, किल्ली फिरवायला गेले आणि तिथेच थांबले. आठवडाभर रोज सकाळी ते धाकटीच्या सीटचा पट्टा लावत होते आणि ती रोज म्हणत होती, "काका, टक् नाही झालं." ते तिचा गाल ओढून म्हणायचे, "झालं गं बये, तुझे कान कुठे गेलेत?" आणि हसत गाडी सुरू करायचे. तिने मग स्वतः बक्कल दाबलं होतं की तशीच बसली होती, त्यांना माहीत नव्हतं. कधी मागे वळून पाहिलंच नव्हतं. काकांनी किल्ली बाहेर काढली. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

"तू चालव," ते खाली उतरून म्हणाले.

मेहुण्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट किल्ली घेतली.

शाळेपाशी मुलांनी एकच गिल्ला केला. "काका, तुम्ही मागे का? काका, तुम्हाला शिक्षा झाली?"

"झाली बाबांनो," काका म्हणाले. "बसा आता."

धाकटी त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि सवयीने पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तिला परत दिला.

"तू लाव. मी ऐकतो."

तिने दोन्ही हातांनी जोर लावला. टक्.

"झालं ना गं नीट?" त्यांनी विचारलं.

"झालं, काका."

त्यांनी पुढे वाकून मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "निघ. आणि उद्याही तूच ये."