तहानेची नोंद

माझ्या नावापुढे आज जी पदवी लागते ती शिवकांताबाईंमुळे लागते, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर विद्यापीठाचे, मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे आभार मानता मानता त्यांचंच नाव राहून जाईल. चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात त्या अंगणवाडी सेविका होत्या. गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायचो. दीड महिन्यापूर्वी मुखेडच्या बसस्टँडवर उभा असताना त्यांच्या मुलाचा फोन आला. "सर, अक्का गेली. काल सांच्याला." समोरच्या बसमध्ये मी चढलो नाही. बाकड्यावर बसून राहिलो. तहान लागली होती, पण हातातली पाण्याची बाटली काही केल्या उघडवेना.

मी मुखेडकडचाच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नांदेडला एम. ए. झालो आणि पीएच.डी.साठी लहान स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांचा विषय घेतला. मूल तीन-चार वर्षांचं असतानाच, त्याच्या आवडीच्या एखाद्या गोष्टीचा आधार घेऊन, त्याला बघायला, मागायला, हाकेला वळायला थोडं थोडं शिकवायचं, असं ते काम. मोठ्या शहरांत त्यासाठी केंद्रं असतात. मला खोलीसुद्धा मिळेना. अक्कांनी दुपारी मुलं घरी गेल्यावर अंगणवाडी उघडून दिली. "डाक्टर होणार म्हणं तुमी? मग सुई कुठाय?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. मी घाईघाईनं समजावू लागलो तर हसायला लागल्या. "हाव हाव, कळलं. बिनसुईचा डाक्टर. बरं हाय, पोरं रडायची न्हाईत." पुढं गावभर माझं तेच नाव झालं.

ते वर्ष दुष्काळाचं. बोअर आटले होते आणि टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. चहाच्या हॉटेलात मात्र चर्चा नव्या जिल्ह्याची चालायची. आपला तालुका तिकडं जाणार की लातुरातच राहणार, यावर लोक तावातावानं बोलायचे. एक म्हातारा दर वेळी विचारायचा, "जिल्हा नवा करून राहिलेत, पाणी बी नवं आणणार का?" सगळे हसायचे आणि हसता हसता टँकरच्या रस्त्याकडे बघायचे. अशा दिवसांत गावातलीच रेणुका आपल्या मन्मथला घेऊन आली. साडेतीन वर्षांचा मुलगा. बोलायचा नाही, हाकेला वळायचा नाही, आईच्या तोंडाकडेसुद्धा बघायचा नाही. फुगा, खुळखुळा, बिस्कीट… मी नेलेल्या कशाचाच उपयोग झाला नाही. एकदा अक्कांनी स्टीलच्या ग्लासातून ताटलीत पाण्याची बारीक धार धरली आणि भिंतीशी गोल गोल फिरणारा मन्मथ जागच्या जागी थांबला. तेव्हापासून रोज एक ग्लास पाणी. त्यानं माझ्याकडे बघितलं की धार, हात पुढे केला की धार. खेळ संपला की अक्का तेच पाणी कढीपत्त्याच्या रोपाला घालायच्या.

या पद्धतीत एक नियम असतो. जे बक्षीस इथं मिळतं ते घरी सहज मिळू द्यायचं नाही, नाहीतर त्याची ओढ राहत नाही. पाण्याशी खेळू द्यायचं नाही, प्यायला मात्र हवं तेवढं द्यायचं, असं मी रेणुकाला सांगितलं. तिनं मान हलवली. त्यानंतर मन्मथ झपाट्यानं शिकू लागला. आल्या आल्या माझ्याकडे बघायचा, हात पुढे करायचा. एका दुपारी तर "पा" म्हणाला. माझ्या वहीतला आलेख वर चढत होता, आणि तो नांदेडला मार्गदर्शकांना दाखवताना माझी छाती फुगत होती. ताटलीतलं पाणी तो आता पिऊन टाकतो, हेही मी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं. का पितो, हे मात्र मला सुचलं नाही.

अक्कांना सुचलं. एके दिवशी मन्मथनं हात पुढे केला आणि तो हात तसाच खाली पडला. अक्कांनी त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या ओठांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गाडी बोलवा." चाकूरला दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोरानं लघवी कधी केली शेवटची? रेणुका म्हणाली, "सकाळपासून पाणी देत न्हाई मी त्याला. तहानलेला असला की चांगला शिकतोय, मी बघितलं न्हवं रोज. दुपारपस्तोर मी बी पेत नव्हते त्याच्यासमोर." तिला वाटत होतं, डॉक्टर शाबासकी देतील. त्या एवढ्याशा हातात सलाईनची सुई टोचली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. खरं सांगतो, पहिली भीती पोराची वाटली. दुसरी माझी स्वतःची होती, आणि ती फार लवकर आली… दुसऱ्या दिवशी मन्मथनं डोळे उघडले. तोवर अक्का रेणुकाचा हात धरून बसल्या होत्या.

नंतर आम्ही काम पुन्हा सुरू केलं ते अक्कांच्या नियमानं. आधी पोटभर पाणी, मग शिकणं. आलेख पुष्कळ खाली आला. प्रबंधात मी एवढंच लिहिलं, 'आजारपणामुळे एका बालकाचे काम काही दिवस स्थगित ठेवावे लागले.' खरं कारण कळलं तर सगळं काम बाद होईल, ही धास्ती होती. कच्चा प्रबंध घेऊन गेलो तर अक्का म्हणाल्या, "मन्मथचं पान वाचा." मी वाचलं. अक्कांनी निवडत्या तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "आजारपण. बरं. ते आलं कुठून?" "तुझं पुस्तक वाचून दुसऱ्या गावात कुणी ग्लास घेऊन बसंल. तिथं बी एखादी रेणुका असंल. मग तिला कोण सांगंल, लेकरा?" त्या मला एरवी सर म्हणायच्या. लेकरा म्हणाल्या आणि मला जास्तच भीती वाटली.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. मन्मथ आता गावच्याच शाळेत जातो, मोजकंच बोलतो. अक्कांच्या मुलानं कपाटातून तो स्टीलचा ग्लास काढून माझ्या हातात दिला. आत घडी घालून ठेवलेलं माझं पत्र होतं, घडीवर झिजलेलं. ते इथं जसंच्या तसं देतो.

ती. अक्कांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसं सगळं लिहिलं. मार्गदर्शक सरांनी दोन दिवस ती पानं स्वतःकडे ठेवून घेतली, मग म्हणाले, तसंच राहू दे. उद्या तोंडी परीक्षा आहे. बाहेरून येणारे परीक्षक तेच पान उघडतील. घाईत लिहितो आहे, अक्षराला हसू नका. पास होईन का, ठाऊक नाही. अजून कुणाच्या हातात रिकामा ग्लास दिसला की मन्मथचा खाली पडलेला हात आठवतो. तो आठवत राहावा असं मला वाटतं.

मन्मथ आला तर माझ्याकडून त्याला ग्लासभर पाणी द्या. बघ म्हणू नका, हात पुढे कर म्हणू नका. नुसतं द्या.

तुमचा,
बिनसुईचा डाक्टर