तिसऱ्या महिन्यात काय झालं

मी विलायतेला निघालो त्या दिवशी अर्धी वाडी मला पोचवायला पोलादपूरपर्यंत उतरली होती. आमची वाडी उमरठच्या वरच्या अंगाला, कुडपणच्या वाटेवर. तिथून पोलादपूर म्हणजे तीन तासांची पायवाट. मोटार सुटायला अवकाश होता, म्हणून सगळे सावलीला बसले आणि मी आत्ताच परका झाल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. आय पुन्हापुन्हा माझ्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवत होती. कोट महाडच्या शिंप्याने शिवला होता आणि काखेत दाटत होता. बाबा आमच्या गावकीचे पुढारी. गावकी म्हणजे वाडीतल्या कर्त्या पुरुषांची बैठक. सोयरीक, भांडण, बांधाचा तंटा, देवाचं कार्य, सगळं तिथे ठरायचं. बाबा मोटारीच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "सदू, गावाला इचारल्याबिगर आपन काय करत नाय. तिकडं गेलास म्हनून ते इसरू नको." मी मान डोलावली. मग महाड, दासगावचं बंदर, लाँच, मुंबई आणि शेवटी बोट. दासगाव दिसेनासं होईपर्यंत मी रडलो नाही, नंतर मात्र पोटभर रडलो. तिकडे जाऊन मी आंतरराष्ट्रीय राजकारण शिकणार होतो. याचा अर्थ वाडीत कुणाला ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसा नव्हता.

वाडीकरांनो, तुमच्यातले जे वाडीतच राहिले त्यांना शाळेचे गुरुजी हे वाचून दाखवतील. जे माझ्यासारखे निघून मुंबईत, गिरण्यांत, गोदीत पांगले, ते स्वतः वाचतील किंवा कुणाकडून वाचून घेतील. काहींना राग येईल. येऊ दे.

लंडनचं पहिलं वर्ष मी बुजल्यासारखं काढलं. लँडलेडीच्या टेबलावर सकाळी मासे असायचे, पण त्यांना ना तिखट ना कोकम. ट्यूबमधून जाताना माणसं एकमेकांकडे बघत नसत. आमच्याकडे वाटेत भेटलेल्या माणसाला "कुठं?" असं विचारलं नाही तर तो रुसतो, तिथे विचारलं असतं तर पोलीस बोलावला असता. दर बुधवारी चार वाजता आमचा सेमिनार भरायचा. कोळशाच्या शेगडीभोवती दहाबारा विद्यार्थी, मध्ये पाइप ओढणारे आमचे प्रोफेसर. सगळे भराभर बोलत, आणि मी मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असे.

मग १९३५ चा हिवाळा आला. इटलीने हबसाणवर, म्हणजे आफ्रिकेतल्या अ‍ॅबिसिनियावर, स्वारी केली आणि जिनिव्हाला जगातल्या राष्ट्रांनी एकत्र बसून ठरवलं की इटलीशी देवघेव तोडायची. तिचा माल घ्यायचा नाही, तिला हत्यार द्यायचं नाही. फक्त तेल तेवढं वगळलं, आणि तिची विमानं तर तेलावरच उडत होती. सेमिनारमध्ये दर वेळी तोच वाद: असल्या बहिष्काराने कुठलं राष्ट्र कधी वठणीवर आलंय का? बहुतेकांचं म्हणणं, नाही. आणि माझ्या एकदम लक्षात आलं की या खोलीत बहिष्कार डोळ्यांनी पाहिलेला मी एकटाच आहे! आम्ही त्याला वाळीत टाकणं म्हणतो, एवढंच.

पुढच्या बुधवारी मी निबंध वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिथे न अडखळता बोललो. मी सांगितलं, की महाडच्या तळ्याचं प्रकरण झालं त्या वर्षी आमच्या भागात मोठी खळबळ होती. आमच्या गावकीने ठरवलं की वाडीच्या खालच्या अंगाला जी चार अस्पृश्य घरं आहेत त्यांना कुणी काम द्यायचं नाही, दाणा द्यायचा नाही. माझ्या बाबांचे चुलतभाऊ भिवाकाका ऐकेनात. त्यांनी त्या घरांना बियाण्याचं भात दिलं. म्हणून गावकीने भिवाकाकांनाच वाळीत टाकलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, लावणीला त्यांच्या शेतात पाऊल ठेवायचं नाही. तेल वगैरे काही वगळलं नाही. आणि तिसऱ्या महिन्यात भिवाकाका देवळात आले, गावकीपुढे नारळ ठेवला, चुकलो म्हणाले. रक्ताचा थेंब सांडला नाही की कुणी कुणावर हात उगारला नाही. सांगा आता, बहिष्कार लागू पडतो की नाही?

प्रोफेसरांनी तोंडातला पाइप काढला. "परिपूर्ण निर्बंध," ते म्हणाले. हे माझ्या थिसिसमधलं मुख्य प्रकरण व्हायला हवं, एवढंच नव्हे तर ते आपल्या येत्या पुस्तकातही त्याचा आधार घेतील. मी फुगलो हो. मनात म्हटलं, बघा बाबा, आपल्या गावकीचं नाव कुठवर गेलं!

सेमिनारमध्ये पॅट्रिक नावाचा एक आयरिश मुलगा होता. बॉयकॉट हा शब्द आपल्या मुलखाने जगाला दिला याचा त्याला मोठा अभिमान. तो म्हणाला, "मला एकच सांग. पहिले दोन महिने तो माणूस हलला नाही. तिसऱ्या महिन्यात काय झालं?"

मी म्हटलं, "शरम वाटली असेल."

"असेल?"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रोफेसर म्हणाले, प्रश्न रास्त आहे, पुराव्यात ही जागा मोकळी राहायला नको. त्याच रात्री मी बाबांना पत्र घातलं. हबसाणची लढाई थोडक्यात लिहिली, आणि भिवाकाका तेव्हा का नमले ते सविस्तर कळवा, माझ्या अभ्यासाला लागतं आहे, असं लिहिलं.

उत्तर दीड महिन्याने आलं. बाबांना लिहिता येत नाही. ते सांगतात आणि गुरुजी शब्दही न बदलता उतरवतात. मी ते नाश्त्याच्या टेबलावर उघडलं. त्यातला तो भाग मला आजही पाठ आहे.

"तू वाळीतीचं इचारलंस त्यानं बरं वाटलं. हबशांची लढाई म्हंजे आपल्या जंजिऱ्याकडची का, ते कळव. भिवाचं म्हनशील तर तो शरमून आला नाय. गनपतीच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको अडली. तिला पोलादपूरच्या डाक्तराकडं न्याया सकाळीच डोलीला मानसं मागाया देवळात आला. गावकी बसलेलीच व्हती. आमी म्हनलं, आदी नारळ ठेव, त्या चार घरांशी संबंध ठेवनार नाय म्हन, मंग डोली. तो अडून बसला. दुपार टळली तवा ठेवला त्यानं नारळ. मंग आमीच डोली उचलली, मी सोता खांदा दिला. नदीच्या पान्यापाशी ती गेली. पोर पोटातच. पन तुज्या सायबाला सांग, वाळीत फुकट जात नाय. त्या दिसापासून गावकीचा शबुद कुनी मोडला नाय."

लँडलेडीने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी हो म्हटलं. पत्र घडी करून मी खिशात घातलं.

आता मी काय सांगतो ते नीट ऐका, कारण मला त्याचाच जास्त धक्का बसला. सखूकाकी बाळंतपणात गेली हे मला ठाऊक होतं! त्या गणपतीत मी महाडच्या शाळेतून सुट्टीला घरी आलेलो होतो. तिच्या नावाने आय पदराआड रडली होती तेही मी पाहिलं होतं. भिवाकाकांनी नारळ ठेवला हेही ठाऊक होतं. पण ही दोन्ही एकाच दिवशीची, एकाच गोष्टीतली, हे मी आठ वर्षांत एकदाही जुळवलं नव्हतं. बी.ए. झालो, एम.ए. झालो, राष्ट्राराष्ट्रांचे तह तोंडपाठ केले, आणि आमच्या अंगणातली एवढी गोष्ट मला कळली नाही? की कळून घ्यायचीच नव्हती?

कारण त्या सकाळी भिवाकाका देवळात जायच्या आधी आमच्या अंगणात आले होते. मी ओटीवर वाचत बसलो होतो. ते खालूनच म्हणाले, "सदू, काकी अडली हाय." वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायचं नव्हतं, पण सोळा वर्षांच्या पोराला अगदी गप्प बसवेना. मी म्हटलं, "बाबा घरात नाहीत." बाबा देवळात आहेत हे मला माहीत होतं, तेही सांगितलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पत्र वाचेपर्यंत हे मला आठवतही नव्हतं, आणि वाचल्यावर पुस्तकाचं पान सुद्धा आठवलं.

आणखी एक. ज्या चार घरांवरून हे सगळं झालं त्यांचं पुढे काय झालं, याबद्दल मी निबंधात अवाक्षर काढलं नव्हतं. सेमिनारमध्ये ते कुणी विचारलंही नाही. ती माणसं त्याच पावसाळ्यात घरं सोडून गेली. कुठे गेली हे वाडीत आजही कुणाला सांगता येत नाही.

मी पत्राचं भाषांतर करून प्रोफेसरांकडे गेलो. म्हटलं, हे उदाहरण मी मागे घेतो. त्यांनी दोनदा वाचलं. चांगला माणूस, मला थंडीसाठी स्वतःचा मफलर दिलेला माणूस. मग हळूच म्हणाले, "फार वाईट झालं. पण लागू पडलं ना?"

समुद्रापलीकडे माझे निरक्षर बाबा आणि इथे हे इतके विद्वान, दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. मी उठून बाहेर आलो आणि पावसात कुठल्या कुठे चालत गेलो. ते प्रकरण मी थिसिसमधून काढलं. पदवी एक वर्ष लांबली, आणि विद्यापीठाने कारण विचारलं तेव्हा प्रोफेसरांनी 'पुराव्याचा अभाव' असं लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात हबसाणचा राजा देश सोडून गेला, आणि जगाने इटलीवरचे निर्बंध उठवले. पॅट्रिक हळहळला. मी हळहळलो की नाही ते मला नक्की सांगता येणार नाही. मोठ्या राष्ट्रांनी बळी पडलेल्याला वाऱ्यावर सोडलं याची चीड येत होती, आणि आमच्या वाडीसारखी घट्ट पकड जगाच्या हातात आली तर काय होईल याची भीतीही वाटत होती. अजून वाटते. मुंबईत कॉलेजात मी हाच विषय शिकवतो.

परत आल्यावर मी वाडीवर गेलो. आय खूप म्हातारी दिसली. बाबांनी जेवताना पहिली गोष्ट विचारली, "सायबाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मंग?"

"त्यांना पटलं."

बाबा खूश झाले. मी म्हटलं, "बाबा, सकाळीच निघाला असतात तर ती वाचली असती."

"वाचली असती," ते म्हणाले. "मंग गावकी ऱ्हायली नसती." आणि त्यांनी भात कालवायला घेतला. ते दुष्ट नाहीत हो. डोलीला खांदा दिला तेव्हा त्यांचा खांदा सोलवटला होता, आयने सांगितलं. हे मला अजून कुठेच बसवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिवाकाकांकडे गेलो. ते आता एकटेच असतात. दारात बसून टोपलीचा काठ विणत होते. मी आदल्या रात्री मनात घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, "काका, तेव्हा मी खोटं वागलो. बाबा कुठे आहेत ते मला ठाऊक होतं, मी सांगितलं नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "तुजा बाबा कुटं हाय ते सगळ्या वाडीला ठावं व्हतं. मला काय ठावं नव्हतं? मी त्याला हुडकाया नव्हतो आलो."

"मग?"

"डोलीला चार मानसं चढाला लागतात रे. उताराला दोघं पुरतात." काठातली बांबूची पट्टी त्यांनी दाताने ओढून घट्ट केली. "मी तुला न्याया आलतो. तू म्हाडला शिकत व्हतास. वाटलं, तू येशील."

मला रडू फुटलं. त्यांनी मला गप्प केलं नाही, क्षमाही केली नाही. थोड्या वेळाने उठून आत गेले आणि चहा घेऊन आले. आम्ही तो दारातच बसून प्यालो.

त्या दिवशी मी मुद्दाम एकटा पोलादपूरला उतरलो आणि घड्याळाने वेळ मोजली. नदीपर्यंत पाऊण तास, डॉक्टरच्या दारापर्यंत तीन तासांहून थोडं कमी. दोघांनी डोली घेऊन, थांबत थांबत म्हटलं, तरी ऊन डोक्यावर यायच्या आत आम्ही पोचलो असतो. गावकी दुपार टळेपर्यंत बसली होती.

मुंबईत नवीन कुणी भेटलं की विचारतं, तुमचं घर कुठलं? मी वाडीचं नाव सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. पूर्वी मला त्याची लाज वाटायची. लंडनला मला चांगलं म्हणणारी माणसं मिळाली, इथे विद्यार्थी मला मान देतात, पण यातल्या कुणी माझी वाट बघून मागे फिरलेलं नाही. घर म्हणजे मला आता ते अंगण, जिथे एक माणूस थोडा वेळ उभा राहिला होता, कारण त्याला वाटलं होतं की मी येईन.