जोडीचं तिकीट

परदेशात नवऱ्यासोबत जावं की एकटीनं, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुम्हाला नवऱ्यानं नेलं होतं का? मला नेलं नव्हतं. त्यामुळे माझ्या मतात कडवटपणा आहे, तो आधीच सांगून टाकते.

मुलचेऱ्याजवळ आमचं कृषी केंद्र आहे. लायसन्स माझ्या नावावर, आणि गल्ल्यावरही बहुतेक मीच. आजूबाजूला पूर्वी निर्वासित म्हणून आलेल्या बंगाली लोकांची गावं आहेत, म्हणून धानाचं बियाणं विकण्यापुरती बंगालीसुद्धा मला येते. आमच्या धंद्यात पद्धत अशी, की कंपनीचा माल ठरल्याएवढा विकला तर कंपनी दुकानदाराला परदेश फिरवून आणते. त्या पावसाळ्यात मी घसा बसेपर्यंत बोलून माल विकला, टार्गेट पूर्ण झालं आणि बँकॉकची सहल लागली. आमचे हे म्हणाले, "फक्त माणसंच जाऊन राह्यले. बायका नाई नेत कंपनीवाले."

मी विश्वास ठेवला. चकल्या तळून दिल्या, बॅग भरून दिली, बस स्टँडवर सोडायलाही गेले. त्याच आठवड्यात माझा भाऊ हार्वेस्टर बघायला हैदराबादला गेला होता. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं तेव्हा त्यानं ताटात एक पर्स घातली, हैदराबादची म्हणून.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरते. मंडई म्हणजे झाडीपट्टीतली जत्राच. नाटक असतं, आणि बोलावण्याची वाट न बघता घरोघरी पाहुणे येतात. त्या वर्षी चामोर्शीकडचा एक दुकानदार बायकोला घेऊन आला. मी वडे तळत होते. ती बाई थेट स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला.

"तुम्ही बसा बाई. पिशवीचं ऑपरेशन म्हणजे काही लहान नाई."

"कोणाचं ऑपरेशन?"

"तुमचं. मालक सांगत होते ना बँकॉकले. आम्ही साऱ्या जोड्या होतो, तुम्हीच तेवढ्या नव्हत्या. तुमचा भाऊ होता सोबत म्हणून बरं. मले लई वाईट वाटलं. आल्यावर मार्कंड्याच्या महादेवाले नारळ फोडला तुमच्या नावानं."

कढईतला वडा करपला. मी म्हणाले, आता बरं आहे. मंडईचे पाहुणे घरात, आणि हिनं माझ्यासाठी नारळ फोडलेला. दुसरं काय बोलणार?

बँकॉक हुकल्याचं मला फारसं वाटलं नाही. पण माझी जागा रिकामी करायला नवऱ्यानं परक्या लोकांत माझी पिशवी काढून टाकली, आणि त्या जागेवर माझा पाठचा भाऊ बसला, माझ्याच चकल्या खाल्ल्या आणि परत येऊन मुकाट ओवाळून घेतलं, हे मला आजही गिळवत नाही. एकानं फसवलं असतं तर दुसऱ्यापाशी जाऊन रडले असते.

पाहुणे गेल्यावर विचारलं, तर हे म्हणाले, "तुले विमानात भेव लागलं असतं. अन् तिथी तुह्या जेवणाचे हाल." भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मले वाटलं, तुले माहीत हाये."

"मग हैदराबाद काऊन सांगतलं?"

त्यानं फोन ठेवला. ती पर्स मी त्याच्या बायकोला दिली. तिलाही हैदराबादच माहीत होतं.

त्या हिवाळ्यात मी माझा पासपोर्ट काढला. पुढच्या वर्षी पुन्हा टार्गेट झालं, या वेळी व्हिएतनाम. कंपनीच्या माणसाचा फोन मीच उचलला. म्हटलं, आमची जोडी नाही येणार, मी एकटी येते. यांनी ऐकलं आणि विचारलं, "अन् मी?" मी म्हटलं, दुकान बघा.

एकटीनं जाण्याचे फायदे खरंच आहेत. खिडकी आपली. कोणाचा चष्मा शोधावा लागत नाही, टॉवेल कुठे ठेवला ते सांगावं लागत नाही. रस्त्याकडेला बसून मी नूडल्स खाल्ले आणि कोणी नाक मुरडलं नाही. विमानात भीती वाटली, पण ती उडताना, तेवढ्यापुरती. बॅग मात्र जड होती, ती उचलताना नवरा आठवला.

आणि एकदा बसमधून धानाची बांधी दिसली. बायका रांगेत वाकून रोवणी करत होत्या, आपल्याकडे करतात तशीच. "अहो, पाहा ना," असं म्हणत मी बाजूला वळले. तिथे माझीच पिशवी ठेवलेली. रोवणी बघून जे वाटलं ते न सांगता समजेल असा माणूस मला आयुष्यात एकच मिळाला होता. नवरा सोबत असण्याचा फायदा हाच, आणि यांनी तो नासवला. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचा रागही आला.

चामोर्शीची ती बाई मागच्या सीटवर होती. तिनं साऱ्यांदेखत विचारलं, "मालक काऊन नाई आले?" मी विमानात उत्तर ठरवून ठेवलं होतं: मूळव्याध. मनात घोळवून चांगलं पाठही केलं होतं. पण तोंड उघडलं आणि मंडईपासूनचं सगळं खरंच सांगून बसले. ती म्हणाली, "म्हणजे माहा नारळ फुकट गेला." बसमधल्या बायका हसल्या आणि मीही हसले.

नागपूरला हे विमानतळावर घ्यायला आले होते. बॅग माझ्या हातातून घेतली, गाडीत ठेवली. प्रवास कसा झाला ते विचारलं नाही.

"मी काऊन नाई आलो म्हणून सांगतलं तू त्यायले?"

"खरं सांगितलं."

त्यांचा चेहरा उतरला. या सगळ्या दुकानदारांना ते दर हंगामात मिटिंगमध्ये भेटतात.

"एखादी बिमारी सांगून द्यायची होती," ते म्हणाले.

"कोणाची?" मी विचारलं. त्यांनी गाडी सुरू केली.