पाठ करून उभा राहणारा मामा

इस्पितळात वीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं नाव विचारलं, तर तो क्षणभर आठवत बसतो. मामाचं तसंच. हजेरीपटावर काय असेल ते असो. रोगी, डॉक्टर, सिस्टर, एवढंच काय, बायकोसुद्धा त्याला मामाच म्हणे. "घरी तरी नवरा म्हणून येत जा," असं वर ऐकवायचीही.

मामाची सगळी नोकरी वरच्या मजल्यावर, मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. तिथं आंघोळीची रीत ठरलेली. मामानं बंबातल्या कढत पाण्याची बादली गार नळाखाली आणून ठेवायची आणि रोग्याकडे पाठ करून दारात उभं राहायचं. पाणी ज्यानं त्यानं आपलं गार पाण्याचं विसण घालून बेतायचं. अंगाला हात लावायचा नाही. "यांचं मन आजारी आहे, हात नव्हे. तेवढी तरी लाज त्यांची त्यांना राहू दे," अशी तिथली शिकवण. मामा मग कानांनी बघे. बादलीत बुडणाऱ्या मगाचा आवाज थांबला की विचारी, "काय साहेब, डुलकी लागली का?" एकदा एक म्हातारा कारकून दीड तास कोरडाच बसला. मामाही दीड तास उभा. शेवटी कारकुनालाच दया आली. "मामा, तुमचे पाय दुखत असतील. घेतो बापडा आंघोळ!"

आणि अशा मामाची बदली झाली खालच्या वॉर्डात.

खाली होती जन्मापासून समज लहान राहिलेली बत्तीस मोठी माणसं. सांभाळणारे दोघं. सकाळी एका तासात सगळ्यांना ओट्यावर उभं करायचं, रबरी नळीनं कोमट पाणी मारायचं, "हात वर!" म्हटलं की बत्तीस जण हात वर करणार, एकच साबण सगळ्यांवरून फिरणार, मग ढिगातला जो सदरा बसेल तो अंगात. मामानं तिथल्या सिस्टरला गाठलं.

"सिस्टर, अहो, गाडी धुतात अशी."

सिस्टर काही दुष्ट नव्हती. दमलेली होती. "मामा, वर नुसतं सांगावं लागतं, इथं करावं लागतं. तासात बत्तीस उरकून दाखवा, मग बोला."

त्या बत्तिसांत चाळिशीचा एक होता. पुढचे दोन दात नसल्यानं त्याच्या तोंडून बोलण्याऐवजी शिट्टीच निघे, म्हणून तो शिट्टी. मामानं त्याला धरला. सगळ्यांचं उरकलं की याला वेगळी बादली. मामा कोपर बुडवून पाणी बेतायचा आणि मग भरून त्याच्या हातात द्यायचा. पहिले आठ दिवस शिट्टी ते पाणी प्यायला. पुढचे आठ दिवस त्यानं मामालाच आंघोळ घातली. बायको म्हणाली, "चला, तुमची तरी रोज होतेय!" पण दीड महिन्यात शिट्टी स्वतःच्या खांद्यावर पाणी ओतायला लागला. मामाचे पाय जमिनीला लागेनात.

सिस्टरही विरघळली. "सोमवारी त्याला एकट्याला घालू दे. जमलं तर आणखी चौघं तुमच्याकडे देते. नाहीतर मामा, नळी ती नळीच."

सोमवार उजाडला. मामानं मनाशी ठरवलं होतं, आज हा पुरता माणूस. वरच्या साहेबांना देतो तोच मान याला. आणि त्या मानाच्या भरात वीस वर्षांची सवय हातांत उतरली. बंबाची कढत बादली भरली, नळाखाली ठेवली, शिट्टीच्या हातात मग दिला आणि मामा पाठ करून दारात उभा राहिला. सिस्टर बाहेर.

पाणी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ शिट्टी वाजली, लांबलचक.

"ऐकलंत? खुशीत आहे गडी!" मामा हसला. मागे न बघताच म्हणाला, "शाब्बास! अजून एक घे."

त्यानं घेतला.

वरचा कोणीही असता तर पहिल्याच मगाला मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. शिट्टीला मामा सांगेल ते करायचं एवढंच ठाऊक. दुसरी शिट्टी निघता निघता तुटली. हातातला मग खाली आपटला. मामा वळला. खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी लालबुंद, आणि शिट्टी दोन्ही हात वर करून उभा.

सिस्टर ओरडली नाही. जखमेवर गार पाणी सोडता सोडता एवढंच म्हणाली, "मामा, पाठ कशाला केलीत?"

फोड बरे व्हायला दोन महिने गेले. पुढं पाण्याचा मग दिसला की शिट्टी खाटेखाली शिरायचा. आणखी चौघांचं तर नावच निघालं नाही. ओट्यावर पुन्हा बत्तीस जण, बत्तीस जोड हात वर. मामाला परत वर पाठवलं.

पहिल्याच सकाळी तो म्हातारा कारकून टॉवेल घेऊन आला. मामानं बादली ठेवली, स्वतःच विसण घातलं, कोपर बुडवलं, पुन्हा बुडवलं, आणि तिथंच उभा राहिला.

"मामा, पाठ करा ना."

"घ्या साहेब, तुम्ही घ्या. मी काही बघत नाही."

"बघताय की."

मामानं वळायचा प्रयत्न केला. अर्धा वळला आणि थांबला. मान काही पुढं जाईना. कारकून टॉवेल छातीशी घट्ट धरून पाटावर बसला. या खेपेला त्याला मामाची दया आली नाही. बादलीवरची वाफ विरली, पाणी गार झालं, तरी तो कोरडाच बसून होता.